पेटत्या चुलीवरचं आढं

शेतातल्या गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. आमचा कोठा गावापासून पायी अर्ध्या तासावर, ओढ्याच्या काठाला होता. एका बाजूला बैलांची गव्हाण, दुसऱ्या बाजूला कडबा आणि औतं, आणि मधे तुराट्यांचा कुड घालून वेगळी केलेली एक खणभर जागा. त्या खणात माझी आत्ती राहायची. आत्ती म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण, महानंदा. कोठ्याच्या मेढी म्हणजे खांब, वासे आणि वासे पेलणारं वरचं आढं, सगळं सागवानी. आजोबांनी ते किनवटच्या जंगलातून आणवलं होतं, बैलगाड्यांना इतके दिवस लागले, वाटेत अमक्या गावी मुक्काम पडला, असं अप्पा पाव्हण्यारावळ्यांना सांगत, आणि दर सांगण्यात गाड्यांची संख्या वाढत जाई. लहानपणी मला वाटायचं, अजून दोन-चार पाव्हणे आले तर सगळं किनवट आमच्या कोठ्यात येऊन पडेल. पुढे नोकरीच्या निमित्तानं किनवटलाच माझी बारा वर्षं गेली, तिथले साग रोज पाहिले, पण आमच्या आढ्याइतका सरळ साग काही मला दिसला नाही. आपल्या घरचं म्हणूनही तसं वाटत असेल.

आत्तीला भालकीकडे दिलं होतं. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी ती एक ट्रंक आणि एक पितळी घागर घेऊन परत आली. नवऱ्यानं दुसरी आणली होती, एवढंच मला मोठेपणी कळलं. तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. आजोबा होते तोवर ती गावातल्या घरी राहिली. ते गेल्यावर महिन्याभरात तिनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि कोठ्यात जाऊन राहिली. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, मनानं वाईट नव्हती, पण तिची जीभ तिखट, आणि आत्तीही काही मुकी नव्हती. "भावजयीच्या घरात मीठ सुदिक मागून घ्यावं लागतंय," आत्ती म्हणायची, "हितं माझं मीठ माझ्या हातात हाय." गावानं सुरुवातीला नावं ठेवली, मग गावाला सवय झाली. बाई एकटी रानात राहते याचं लोकांना नवल वाटायचं तशी त्यांची सोयही व्हायची. कुणाची शेळी चुकली, कुणाला उन्हात पाणी पाहिजे असलं, कुणाच्या पोराला विंचू चावला, की पाय आमच्या कोठ्याकडे वळायचे. बैल तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसत. ती त्यांच्याशी कानडीत बोलायची. माणसांशी मराठी, जनावरांशी कानडी, आणि सकाळी पूजेला बसली की तळहातावरच्या इष्टलिंगाशी काहीच नाही, नुसती बघत राहायची.

मग पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरंही तसंच गेलं. ओढ्यात वाळू आणि विहिरीत गाळ उरला. अप्पांनी बैल हाळीच्या बाजारात नेऊन विकले आणि गाय मांजरेच्या काठी मामांकडे चाऱ्याला पाठवली. त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. आजच्या लोकांना याचं काही वाटणार नाही, पण आमच्या भागात तेव्हा बोलायला दोनच विषय होते, पाणी आणि जिल्हा. पारावरची माणसं आभाळाकडे बघून कंटाळली की लातूरकडे बघायची. आता कचेरीच्या कामाला उस्मानाबादची वाट तुडवायला नको, लातूरला अमुक हापीस येणार, तमुक कॉलेज येणार, आधीच जागा घेऊन ठेवा. अप्पांनीही ठेवली होती, लातूरच्या वस्तीच्या अगदी टोकाला, दोन खोल्या निघतील एवढी. जोतं झालं, भिंती चढल्या, आणि लाकडापाशी काम अडलं. सगळं लातूर एकाच वेळी घर बांधत होतं. तेव्हा अप्पांची नजर कोठ्याकडे गेली. जनावरं नाहीत, कडबा नाही. रिकामा कोठा म्हणजे नुसतं उभं केलेलं सागवान. त्यात आपली बहीण राहते हे ते विसरले नव्हते. कोठा उतरला की ती आपसूक घरी येईल, असं ते धरून चालले होते.

आता यात माझं काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. निलंग्याला एस.टी.नं जाऊन-येऊन मी बारावी झाले होते. लातूरला डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं होतं. पण अप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पोरीला हॉस्टेलात ठेवणार न्हाई. आपली खोली झाली तर शिक. न्हाई झाली तर उदगीरचं स्थळ हाय." उदगीरचं स्थळ म्हणजे किराणा दुकान, वर माडी, आणि मुलाची आई. ती एकदा येऊन बघून गेली होती. मी किती शिकले हे तिनं विचारलं नाही. भाकरी किती थापते ते विचारलं, आणि उत्तर ऐकून मान हलवली, ती पसंतीची की नापसंतीची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला लातूरला जायचं होतं. लातूरमध्ये माझ्यासाठी काय ठेवलंय हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घराच्या आणि उदगीरच्या माडीच्या मधे एक तिसरी जागा असते, जिथं माझी वही आणि माझा कंदील असेल, एवढंच मला हवं होतं. आणि ती जागा आत्तीच्या डोक्यावरच्या लाकडात अडकली होती.

आमच्या भागात एक रीत होती. पेटत्या चुलीवरचं छप्पर कुणी उतरवत नसे. जुनं घर पाडायचं झालं तरी आधी त्या घरची बाई आपल्या हातानं चूल विझवायची, राख भरून बाहेर न्यायची, मग सुतार आढ्याला हात घालायचा. खाली विस्तव असताना आढं उतरवलं तर उतरवणाऱ्याच्या घरची चूल विझते, असं मानत. अप्पांनी निलंग्याहून रज्जाक मिस्त्रींना बोलावलं. जुनं लाकूड न फोडता उतरवावं तर त्यांनीच. मिस्त्री दोन गडी घेऊन सकाळीच आले, मेढींना हात लावून बघितला, आढ्याला खालूनच सलाम केल्यासारखी मान हलवली आणि कुडाबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, चूल इझवून घ्या. कामाला लागतो."

"सैपाक चाललाय," आतून आत्ती म्हणाली.

"होऊ द्या की. बसतो आम्ही."

ते बाभळीखाली बसले. आत्तीच्या भाकरी झाल्या, चटणी वाटून झाली, मग तिनं हुलगे चढवले. हुलगे शिजायला किती वेळ घेतात हे ज्यांनी शिजवले त्यांनाच माहीत. ते शिजले तोवर उन्हं कलली. मिस्त्रींनी अवजारं बांधली, उद्या येतो म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आत्तीनं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं घातलं, तिसऱ्या दिवशी काय घातलं देव जाणे. चौथ्या दिवशी चुलीवर भांडंच नव्हतं, नुसतं लाकूड जळत होतं, आणि आत्ती शेजारी हात बांधून बसली होती. तेव्हा सगळ्यांना कळलं.

अप्पा चिडले. "मिस्त्री, तिचं काय ऐकतोस, तू चढ वर."

"नै मालक," मिस्त्री म्हणाले. "चूल जळते तोवर मी हात नै लावत. माझे वस्ताद सांगून गेले. मला बी लेकरंबाळं हायत."

मग अप्पा आत गेले. थोरल्या बहिणीपुढं त्यांचा आवाज आपोआप उतरायचा. "अक्का, असं काय करायलीस? घर हाय की तुला."

"घर तुझं हाय, शिवलिंग," आत्ती म्हणाली. "कोठा बी तुझाच म्हण. पर चूल माझी हाय."

अप्पा बाहेर येऊन मिस्त्रींच्या शेजारी बसले आणि दोघं बराच वेळ ओढ्यातल्या वाळूकडे बघत राहिले. घरी आल्यावर अव्वानं माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं. "तिची तुझ्यावर लई माया हाय. तू जाऊन ऱ्हा तिच्याजवळ. तू सांगितलं तर ऐकंल." असं मला पाठवलं गेलं, आणि मी गेले, कारण आत्तीला समजावण्यात माझ्याइतकं कुणाचंच हित नव्हतं.

मी तिथं नऊ दिवस राहिले. लहानपणी सुट्टीत मी कोठ्यात किती तरी वेळा राहिले होते, पण तेव्हा तिथं बैल होते, गाय होती, कडब्याचा वास होता, शेंगांच्या दिवसांत भाजलेल्या शेंगांचा धूर होता. आता दावणीचे खुंटे रिकामे होते. दुपारी पत्रा तापून तडतडायचा, आणि तो थांबला की इतकं शांत व्हायचं की भाकरी परातीत थापल्याचा आवाज मोठा वाटायचा. आत्ती सकाळी उठून बैलांच्या बाजूचा केर काढायची. तिथं केर होताच कुठं? शेण नाही, गवताची काडी नाही. तरी ती वाकून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडायची आणि झाडताना कानडीत काही तरी पुटपुटायची. पहिल्या दिवशी मला वाटलं ती देवाचं म्हणते. दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं. ती म्हणत होती, जरा सरक बाबा, पाय उचल. मी कुडाआड तशीच उभी राहिले. आई-बापांच्या घरात राहून एकटं वाटतं म्हणणारी मी, एकटं असणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी दिसलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

चूल सांभाळणं हे एक कामच होऊन बसलं. बैल गेल्यापासून गोवऱ्या नव्हत्या. आम्ही दोघी सकाळी ओढ्याच्या काठानं बाभळीच्या वाळक्या फांद्या वेचायला जायचो, काट्यांनी हात सोलून निघायचे. आत्ती लाकूड पुरवून पुरवून घालायची. झोपताना निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची आणि पहाटे फुंकून त्याच विस्तवानं पुन्हा जाळ करायची. जेवायला ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि हुलग्याचं माडगं. नऊ दिवस माडगं. आजही कुणाच्या घरी हुलगे शिजत असले की मला जिन्यातच वास कळतो आणि पाय जड होतात. नांदेडमध्ये आमच्या शेजारच्या बाई अगत्यानं वाटीभर आणून देतात, मी त्यांना कसं सांगू?

मी माझ्या परीनं प्रयत्न केला. एकदा भाकरी खाताखाता म्हटलं, "आत्ते, लातूरला चल की माझ्यासंगं. तिथं बी वर हेच आढं राहील."

"आढं ऱ्हाईल ग," ती म्हणाली. "खाली मी कोण ऱ्हाईन? पोरीची राखणदारीण."

"मग घरी चल. अव्वा काय खाती का तुला?"

ती हसली. "तुझी अव्वा मला खाणार न्हाई. वाढील. दोन येळा वाढील आन् मी खाल्लं का न्हाई ते बघील." मग जरा थांबून म्हणाली, "हितं मला इचारल्याबिगर कुणी कुडाच्या आत येत न्हाई, उमे. तुझा बाप बी खाकरून येतोय. एवढंच हाय माझं. दुसरं काय हाय?"

आणि मग ती जे बोलली ते मला नको होतं. "तू हाईस म्हून बरं वाटायलंय ग. मला वाटलं, सगळीच तिकडची झाली."

मिस्त्री रोज यायचे. त्यांना रोजाचा चहा आत्तीच द्यायची, त्याच चुलीवरचा, गुळाचा, बिनदुधाचा. ते बशीत ओतून प्यायचे आणि "अच्छा झालाय" म्हणायचे. भांडण कुणाचं कुणाशीच नव्हतं, हीच त्यात अडचण होती. नवव्या दिवशी सकाळी मी पीठ आणायला गावातल्या घरी गेले तर अव्वा म्हणाली, "मिस्त्रीला लातूरचं मोठं काम लागलंय. उद्या जाणार. मग सा म्हैने गावायचा न्हाई." आणि पीठ गाळता गाळता, माझ्याकडे न बघता, "सोमवारी उदगीरची माणसं येणार हायत. तुझ्या अप्पानं या म्हून सांगितलंय." मी पीठ घेतलं आणि परत निघाले. वाटेत कुणी भेटलं का, ऊन होतं का, काही आठवत नाही.

त्या दुपारी गावात टँकर येणार होता. कोठ्यातल्या माठात सकाळचं थोडं पाणी होतं. आत्तीनं पितळी घागर घेतली, चुंबळ डोक्यावर ठेवली. "चुलीकडं बघ. काटक्या सारत ऱ्हा," ती म्हणाली. "मी आलेच." तिचा तो विश्वास! घरच्या कुणावरही नव्हता, माझ्यावर होता. ती बांधावरून लहान होत गेली तोवर मी बघत राहिले. बाभळीखाली मिस्त्री आणि गडी पटका तोंडावर घेऊन पडले होते. मी चुलीपुढे बसले. जाळ बारीक होता. नुसतं लाकूड मागं ओढावं असं मनात आलं, पण निखारा राखेखाली किती वेळ जगतो हे मी नऊ दिवस बघत होते. मिस्त्री काडी घालून बघतील, निखारा दिसेल, आणि पुन्हा बसतील. मला शंका नको होती. मी उठले, माठातून तांब्या भरला आणि चुलीत ओतला. दुसरा ओतला. तिसऱ्याला माठ वाकडा करावा लागला. आमच्याकडे चुलीत पाणी वैऱ्यानंही ओतू नये म्हणतात. चर्र आवाज झाला, ओल्या राखेचा वास नाकात बसला आणि धूर माझ्या तोंडावर आला. मी रडले ते धुरानं की कशानं ते सांगता येत नाही. नाही, सांगते. मला वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं, आणि हलकं वाटण्याचीच मला जास्त लाज वाटली.

मी बाहेर येऊन म्हटलं, "मिस्त्री, चूल विझली."

ते उठून आले, दारातूनच वाकून बघितलं. ओली राख पायरीपर्यंत ओघळली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणी विझवली असं विचारलं नाही. "बाई येऊ द्या," एवढंच म्हणाले आणि अवजारांना हात न लावता उभे राहिले. मला वाटलं होतं, ते झटकन वर चढतील आणि आत्ती येईपर्यंत सगळं संपलेलं असेल.

आत्ती आली. डोक्यावर भरलेली घागर, मान ताठ. गडी उभे आहेत हे तिनं लांबूनच बघितलं असणार, पण चाल बदलली नाही. आत गेली, घागर उतरवली, चुलीपुढे बसली. राखेत दोन बोटं घातली आणि बोटांकडे बघत राहिली. काड्यापेटी तिच्या डोक्यावरच्या कोनाड्यात होती. तिनं नुसता हात वर केला असता तर पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं असतं. मिस्त्री पुन्हा बाभळीखाली जाऊन बसले असते, दुसऱ्या दिवशी लातूरला गेले असते. मी त्या कोनाड्याकडे बघत होते. तिनं हात वर केला नाही.

"लाकूड मागं वढलं असतंस तरी भागलं असतं, उमे," ती म्हणाली. "पाणी कशाला वतलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारल्यासारखं तिनं विचारलं.

मग ती उठली. राख भरून बाहेर नेली. ट्रंक काढली, लिंगपूजेचं सामान पदरात बांधलं. बाहेर येऊन तिनं आणलेल्या घागरीतून तांब्या भरभरून मिस्त्रींना आणि दोन्ही गड्यांना पाणी दिलं. "उन्हात काम करायचंय. पोटभर प्या," म्हणाली. "आन् काढा." ती बाभळीखाली जाऊन बसली, कोठ्याकडे पाठ करून. पत्रे उतरले, वासे उतरले, आणि दिवस मावळायच्या आत दोरांनी बांधलेलं आढं खाली आलं. ते जमिनीला टेकताना जो दबका आवाज झाला त्यानं तिचे खांदे हलले. बाकी ती हलली नाही. मिस्त्रींनी मजुरीतला एक दिवस कमी घेतला असं अप्पा नंतर सांगत. का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मी लातूरला गेले. उदगीरच्या माणसांना निरोप धाडला गेला. दोन खोल्यांचं घर झालं, वर आमचं आढं बसलं, त्याच्या एका बाजूला आत्तीच्या चुलीचा धूर तसाच काळा होता. गवंडी म्हणाला, रंधा मारून देतो. मी नको म्हटलं. सोबतीला कुणी मिळालं नाही, पण आपलं घर म्हणून अप्पांनी चालवून घेतलं, आणि दोन वर्षं मी तिथं एकटी राहिले. अप्पा आठवड्याला पीठ पोचवायचे. मला हवी होती ती वही मिळाली, कंदिलाऐवजी तर विजेचा दिवा मिळाला, आणि संध्याकाळी स्टोव्हवर एकटीची भात-आमटी करताना मला इतकं भकास वाटायचं की मी भांड्यांशी बोलू लागले. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझी मजा आहे बाई, स्वतःची खोली. मी मजा आहे म्हणायचे.

आढं उतरलं त्या रात्री आत्ती गावातल्या आमच्या घरी आली होती. आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी तिनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि पुन्हा शेतात गेली. कोठ्याच्या जागेवर तिनं तुराट्या आणि पाचट बांधून एक कोप उभी केली, माणूस वाकून आत जाईल एवढी. अप्पांनी निदान दोन पत्रे घे म्हटलं तर म्हणाली, "पत्रा घातला की खाली लाकूड लागतंय, आन् लाकूड दिसलं की तुला घर सुचतंय." चूल तिनं बाहेर मांडली, उघड्यावर. वर काहीच नाही. पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हासुद्धा ती चूल तिनं आत घेतली नाही. पाऊस आला की त्या वेळची भाकरी राहायची. मी सुट्टीत जायचे. ती मला पाट द्यायची, जेवायला वाढायची, माझ्या परीक्षेचं विचारायची, पुढे किनवटच्या माझ्या आश्रमशाळेतल्या मुलांची नावं एकेक करून लक्षात ठेवायची. आणि उन्हं कलायला लागली की म्हणायची, "निघ आता. बस चुकंल." पूर्वी मी तिच्या शेजारी झोपायचे. आता एकदाही ती ऱ्हा म्हणाली नाही, आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावातल्या भिंती पडल्या, घरचं माळवद बसलं. अप्पा आणि अव्वा कसेबसे बाहेर पडले आणि सरळ आत्तीच्या कोपीवर गेले. तिची एक तुराटीही सरकली नव्हती. दीड महिना तिनं दोघांना रांधून घातलं. अव्वा मला म्हणाली, "मीठ मागावं लागलं न्हाई ग मला." आणि एवढं बोलून ती ढसाढसा रडली.

पुढे माझं लग्न झालं, नांदेडला मी घर घेतलं. मला मूलबाळ नव्हतं, नवरा बदलीच्या गावी, घर रिकामं. अव्वापाठोपाठ अप्पाही गेले होते तोवर, आणि आत्तीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मी ठरवून गेले. तिच्या उघड्या चुलीपुढे बसले आणि इतक्या वर्षांत जे एकदाही बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, "आत्ते, त्या दिवशी माझं चुकलं. माझ्या घरी चल. पाव्हणी म्हणून नको, कायमची. खोली तुझी, दार तुझं. तुला विचारल्याशिवाय मी आत येणार नाही."

तिनं काटकी सारली. जाळावरून माझ्याकडे बघितलं, तिला किती दिसलं कोण जाणे. हात पुढे करून तिनं माझा चेहरा चाचपला, लहानपणी करायची तशी बोटं कडाकडा मोडली. मला वाटलं, ती येणार.

"तुझ्या घरी चूल हाय का ग्यास?" तिनं विचारलं.

"गॅस आहे, आत्ते."

"मंजे नुसता कान पिळला की इझती," ती म्हणाली. "बरं झालं बाई. पाणी बी लागत न्हाई."

आणि ती हसली, अगदी मोकळं, तोंडात दात नसलेलं हसू. मीही हसले. दोघी बराच वेळ हसत होतो. मग तिनं कलत्या उन्हाकडे हात केला आणि म्हणाली, निघ आता.